पाहणाऱ्याचं नाव

वारूळवाडी, कालव्याकडचा मळा
बुधवार, सकाळी

प्रिय प्रतिभा,

पत्र बघून हसू नकोस. आपल्या दोघींमधलं हे पहिलंच पत्र, आणि तेही केमिस्ट्रीच्या जर्नलमधल्या कोऱ्या पानांवर. ही पानं भरायची राहून गेली होती, ती आता अशी भरतेय. मोबाईलवर लिहायला मी तीनदा बसले. तिन्ही वेळा पाठवलं आणि तू उघडायच्या आत पुसून टाकलं. तुला फक्त मेसेज डिलीट केल्याचं दिसलं, आणि तू विचारलंस, काय गं, काय पुसलंस? मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं चुकून तुला आलं. कागदावरचं असं पुसता येत नाही. धम्मपालदादा उद्या टोमॅटोची गाडी घेऊन पुण्याला येतोय. पाकीट त्याच्या हातात पडलं, की त्यानं ते तुझ्या हॉस्टेलच्या वॉचमनकडे देईपर्यंत मला काही करता येणार नाही. म्हणून कागद.

काल डेअरीवर तुझे संपतकाका आमच्या अण्णांना सांगत होते, की प्रतिभा सोमवारी नर्सिंग सोडण्याचा अर्ज देतेय. तिसरं वर्ष, जेमतेम सहा महिने राहिलेत, तरी सोडतेय. आईला आता एकटं ठेवण्यात अर्थ नाही म्हणते. रांगेतल्या सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. पोरगी असावी तर अशी, असं दोघा-तिघांनी तरी म्हटलं असेल. मी दुधाची किटली तशीच भरलेली परत घरी घेऊन आले. अण्णा म्हणाले, तुझं लक्ष कुठं असतं गं हल्ली. प्रतिभा, सोमवारच्या आत तुला एक गोष्ट कळायला हवी. खरं तर ती पहिल्याच ओळीत लिहायला हवी होती. पण पहिल्या ओळीत लिहिली तर पुढचं तू वाचणार नाहीस, आणि पुढचं तू वाचावंस एवढा माझा स्वार्थ आहे.

(आत्ता एवढं लिहून होईपर्यंत दोनदा मोबाईल बघितला. काही आलं नव्हतं. तरी बघितला.)

तुला आठवतं, लॉकडाऊनमध्ये दहावीचे तास मोबाईलवर सुरू झाले, तेव्हा अण्णांनी हा फोन आणला. मळ्यात रेंज नसायची, म्हणून आपण दोघी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर जाऊन बसायचो. एक फोन, दोघींच्या मध्ये, उन्हात काही दिसायचं नाही म्हणून तुझ्या ओढणीचा आडोसा. सरांचा आवाज तुटक तुटक यायचा आणि आपण उरलेलं गणित आपल्या मनानं जुळवायचो. तास संपला की तू फोन माझ्या हातात देऊन सरळ शेळ्यांना पाला काढायला निघून जायचीस. मी मात्र तिथंच बसून राहायचे. तेव्हा मला तुझी कीव यायची. वाटायचं, बिचारी, हिच्याकडे स्वतःचा फोन नाही. आता वाटतं की त्या जिन्यावरून तू खाली उतरलीस आणि मी उतरलेच नाही.

मग आपल्या मळ्याचा बिबट्यांचा ग्रुप निघाला. गेणभाऊंची कालवड कालव्याच्या कडेला बिबट्यानं ओढून नेली, त्याच आठवड्यात. तू तेव्हा नुकतीच पुण्याला गेली होतीस. गेणभाऊ सरपंच, ते म्हणाले, शिकलेलं आणि मराठीत भराभर टाईप करणारं कुणी तरी हवं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दोनशेचाळीस माणसं आहेत त्या ग्रुपात. कुठं दिसला, किती वाजता, कुठल्या बाजूला गेला, एवढं मी टाकायचं. सुरुवातीला नुसत्या अफवाच यायच्या. कुणी कुत्रं बघायचं, कुणी दुसऱ्या तालुक्यातला जुना व्हिडिओ आपल्या कालव्याच्या चारीतला म्हणून फिरवायचं. म्हणून मीच नियम काढला, की ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्याचं नाव खाली असल्याशिवाय मेसेज जाणार नाही. नाव दिलं की माणूस खोटं बोलायला कचरतो. गेणभाऊंनी ग्रामसभेत माझ्या या नियमाचं कौतुक केलं होतं. लोक मोटरसायकल थांबवून विचारायचे, यशोधराताई, कालव्याचा रस्ता मोकळा आहे का? मला ताई म्हणायला लागलेल्यांत माझ्याहून वीस वर्षांनी मोठी माणसं होती. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

पण बिबट्या काही दिवसभर दिसत नाही. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. मधल्या वेळात फोन हातातच राहायचा, आणि हातात आहे म्हटल्यावर अंगठा गप्प बसत नाही. वर्गातली एक पुण्यात नोकरीला लागली, एकीचं लग्न ठरलं, एक रोज नवे कपडे घालून जुन्नरच्या एसटी स्टँडवरसुद्धा सिनेमात असल्यासारखी उभी. मी बघत बसायचे. बघून बरं वाटायचं असं नाही. उलट प्रत्येक वेळी आपणच मागे राहिलो असं वाटायचं, आणि ते वाटणं जावं म्हणून पुन्हा बघायचे. कॉलेजात सर फळ्यावर लिहायचे आणि मला ओढणीखाली फोन वाजल्यासारखा वाटायचा. काढून बघावं तर काही नाही. नारायणगाव ते जुन्नर एसटीत बसले की छातीत धडधड सुरू. कशाची भीती वाटते म्हणून स्वतःला विचारलं तर उत्तर यायचं, बिबट्याची. भर दिवसा, खचाखच भरलेल्या एसटीत, बिबट्याची!

नंतर नंतर धडधडसुद्धा कमी झाली आणि नुसतं जड वाटायला लागलं. उठावंसं वाटेना. आंघोळ उद्यावर, वेणी उद्यावर, जर्नल उद्यावर. जेवायला बसले की दोन घासांत पोट भरायचं. तुझा फोन आला की मी तो वाजू द्यायचे आणि नंतर लिहायचे, लेक्चरमध्ये होते. लेक्चरमध्ये नसायचेच गं, कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर असायचे. घरात कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. आई शेजारणीला अभिमानानं सांगायची, आमची यशू गावासाठी डोळ्यांत तेल घालून बसते. माझ्या आजाराला गावानं पद देऊन टाकलं होतं. एकदा कॉलेजात मॅडमनी एक सर्व्हे भरायला लावला, की मोबाईल नसला तर तुम्हाला अस्वस्थ वाटतं का, उदास वाटतं का, झोप लागते का. तो सर्व्हेही मोबाईलवरच भरायचा होता. मी सगळीकडे 'कधीच नाही' असं टिपलं आणि लगेच इन्स्टा उघडलं.

आता त्या मेसेजकडे येते. नोव्हेंबरातला तो मंगळवार. मेसेज तुझ्याही फोनवर आला होता, कारण ग्रुपात तू आहेस. कालव्याच्या रस्त्याला मोठा बिबट्या, सोबत दोन पिल्लं, वेळ सकाळी सहा चाळीस, पाहणाऱ्या मंगलताई. तू घाबरून लगेच फोन केलास, आई ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे, लांबून बघितला त्यांनी. तू म्हणालीस, बरं झालं गं तू आहेस तिथं.

मी ठीक आहे म्हटलं तेव्हा तुझी आई कुठं होती हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी माझी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. जर्नल पूर्ण नसलं की मॅडमची सही मिळत नाही, आणि सही नसली की बसू देत नाहीत. माझी अकरा प्रयोगांची पानं कोरी होती. घरी सांगितलं होतं, सगळं झालंय. अण्णांनी मला नारायणगावला स्टँडवर सोडायला मोटरसायकल बाहेर काढली, ती पुसली, हॉर्न वाजवून बघितला. मी ओट्यावर बसले होते. हातापायांना मुंग्या येत होत्या, श्वास वरच्या वर, आणि डोक्यात एकच, की आज मी त्या गाडीवर बसू शकत नाही, काहीही झालं तरी नाही. आजारी आहे म्हटलं असतं तर अण्णांनी दवाखान्यात नेलं असतं आणि तिथून कॉलेजात. रस्ता बंद व्हायला हवा होता. आणि रस्ता बंद करणं माझ्या हातात होतं, प्रतिभा. शब्दशः हातातच होतं.

मी टाईप केलं. जागा टाकली, वेळ टाकली, पिल्लंही टाकली, कारण पिल्लं असली की लोक जास्त घाबरतात. मग नावापाशी अडले. नियम माझाच होता. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे त्याचं नाव घातलं असतं तर त्यानं लगेच खाली लिहिलं असतं, अहो मी कुठं बघितला? मंगलमावशीकडे साधा बटणांचा फोन. आणि सकाळी कालव्यावरून टोमॅटोच्या तोडणीला जाणारी पहिली बाई तीच, हे सगळ्या मळ्याला माहीत. मी तिचं नाव घातलं. मला वाटतं मी दहा सेकंदही विचार केला नाही. एका मिनिटात अण्णांचा फोन वाजला, त्यांनी वाचलं, गाडी परत सपरात लावली आणि म्हणाले, आज कुठं जायचं नाही. शाळेची पोरं घरी राहिली, दूधवाला परत फिरला. आणि मला इतकं हलकं वाटलं, की महिन्याभरात पहिल्यांदा मी शांत झोपले. सकाळी आठ वाजता. हे लिहिताना लाज वाटतेय, पण तेही खरं आहे म्हणून लिहितेय.

दहाच्या सुमारास वनखात्याची दोन माणसं आली. कालव्याच्या कडेनं ठसे शोधले, काही मिळालं नाही. मग गेणभाऊ, संपतकाका, अण्णा, पंधरा-वीस माणसं, सगळी मिळून तुमच्या टोमॅटोच्या वावरात गेलो. ग्रुप माझा म्हणून मलाही नेलं. मावशी वाकून तोडणी करत होती, शेजारी अर्धं भरलेलं क्रेट. तिला कशाचाच पत्ता नव्हता. वनरक्षकानं अगदी अदबीनं विचारलं, मावशी, किती वाजता पाहिला आणि कुठून आला? ती गोंधळून सगळ्यांकडे बघायला लागली. मी गेणभाऊंच्या मागे उभी होते. मनात म्हटलं, झालं, संपलं. तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. आधी तोंडाकडे, मग हाताकडे. माझा हात इतका थरथरत होता की फोन दुसऱ्या हातानं धरावा लागत होता. ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली,

"व्हय सायेब, मीच पायला. या पोरीला मीच सांगितलं."

कुठून आला, असं विचारल्यावर तिनं बोट दाखवलं ते संपतकाकांच्या उसाकडे. तो ऊस चार दिवसांपूर्वीच तुटून कारखान्याला गेला होता. तिथं पार पलीकडच्या बांधापर्यंत मोकळं रान होतं, ससासुद्धा लपला नसता. तुझ्या आईला खोटं बोलायची सवय नाही, तिला साधं खोटंही नीट जमलं नाही. मागून कुणी तरी हसलं. वनरक्षकानं वहीत लिहिलं. संपतकाका मान खाली घालून निघून गेले.

दुपारी ती आमच्याकडे आली. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, फोन डोळ्यांपुढे. तिनं तो हळूच काढून घेतला, कोनाड्यात ठेवला आणि माझ्या उशाशी बसली. मला वाटलं, आता विचारेल, माझं नाव का घेतलंस. तिनं ते आजपर्यंत विचारलेलं नाही. ती म्हणाली, "बिबट्याचं ऱ्हाऊ दे, पोरी. तुला कशाचं भ्या वाटतंय, त्ये सांग."

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला नुसतं रडू आलं. ती तासभर बसून राहिली, आमच्याच घरातली मेथीची जुडी घेऊन निवडत. जाताना मात्र माझ्याकडून वचन घेतलं, की प्रतिभाला यातलं काही कळू द्यायचं नाही, तिचं अभ्यासातलं लक्ष उडेल. लोक चार दिवस हसतील आणि विसरतील, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मला तोडणीला बोलवायला लागली. दोन्ही हात कामात असले की बरं असतं म्हणायची. मी तीन दिवस गेले, आणि बरं वाटलंही. चौथ्या दिवशी फोन घेऊन गेले आणि पाचव्या दिवशी गेलेच नाही.

लोक विसरले नाहीत, प्रतिभा. तुझे बाबा गेल्यापासून तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं आधी बायका हळू बोलायच्या, मग मोठ्यानं बोलायला लागल्या. तिला नसलेलं दिसतं, हे मळ्यात पक्कं झालं. तोडणीच्या टोळीतल्या बायका तिला बरोबर नेईनाशा झाल्या. संपतकाकांनी तिच्या हातातला विळा काढून घेतला, वाईट हेतूनं नाही, काळजीनंच. पण काढून घेतला. ती एकटी कालव्यावर गेली तर कुणी ना कुणी मागे जातं. तुला काकांनी आईबद्दल फोनवर सांगितलं ते सगळं त्यांना खरंच वाटतं. हे सगळं मी बघत होते. रोज टाईप करायचे, की तो मेसेज खोटा होता, आणि रोज पुसायचे. दोनशेचाळीस माणसं, त्यांतल्या एकाचंही तोंड डोळ्यांपुढे आलं की अंगठा मागे यायचा.

संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेले होते. ती घरात एकटीच बसली होती, टीव्ही चालू, पण बघत नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "यशे, खरं सांग, त्या सकाळी मी तुला बिबट्याचं काय बोलले व्हते का गं? सगळी म्हंत्यात म्हणून इचारते."

तिलाच आता खात्री राहिलेली नाही. चारी बाजूंनी सगळे एकच सांगत राहिले तर कुणाचीही खात्री जाईल. आणि मी काय केलं सांगू? मी फोन काढला. कुणाचा मेसेज आलाय असं दाखवून तो बघत राहिले, तिनं हात सोडेपर्यंत. माझ्या आयुष्यात मी एवढी नीच कधी वागले नव्हते.

गेल्या शनिवारी मी नारायणगावला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले, घरी न सांगता. त्यांना सगळं सांगितलं, तुझ्या आईचं सोडून. मी विचारलं, मोबाईलमुळं मला असं होतंय, की मला असं होतंय म्हणून मी मोबाईल बघते? त्या म्हणाल्या, दोन्ही एकमेकांना धरून चालतात, पण दोन्हींवर इलाज आहे, आणि तू आलीस हे चांगलं केलंस. पुढच्या वेळी घरच्या कुणाला तरी घेऊन ये म्हणाल्या. घरी अजून सांगितलेलं नाही. बाहेर पडल्यावर पहिलं काय केलं असेल तर, फोन बघितला. एका भेटीत काही बदलत नाही.

काल डेअरीवर ऐकलं नसतं तर मी अजून किती दिवस काढले असते, मला ठाऊक नाही. आज संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला सगळी मंडळी जमतात, तेव्हा मी तिथं सगळ्यांसमोर तोंडानं सांगणार आहे. अण्णांना त्याआधी, घरी. माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणूनच पत्र आधी दादाच्या हातात देणार आहे आणि डेअरीवर नंतर जाणार आहे. संध्याकाळी माझी दातखीळ बसली तरी उद्या तुला कळलेलं असेल, आणि मग मला पळायला जागा उरणार नाही. मावशीला दिलेलं वचन मी मोडतेय, तिला काय सांगायचं ते माझं मी बघेन. तू फक्त अर्ज देऊ नकोस. रविवारी हवं तर ये, आईजवळ बस, तिला सांग, आई, तू काहीच पाहिलं नव्हतंस आणि मेसेज जायच्या आधी यशेला तसं काही म्हणालीही नव्हतीस. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिचा विश्वास बसेल. मला शिव्या द्यायच्या असतील तर आमच्या घरी येऊन दे, मी फोन उचलीन न उचलीन. पण सोमवारी सकाळी तू तुझ्या वॉर्डात असायला हवीस. तुझी आई आजारी नाही, प्रतिभा. आजारी मी आहे, आणि ते सगळ्यात आधी तिनं ओळखलं.

रागावलीस तरी तुझीच,
यशोधरा